अहवाल एकीचा, धोका घराचा

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,



स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरचे निदान झालेल्या बाईला डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात : घरात आधी कुणाला झाला होता का? ती आठवून सांगते. आईला गाठ होती, एक मावशी चाळिशीच्या आतच गेली, आजीला पोटाचे काहीतरी झाले होते. उत्तर केसपेपरवर उतरते. ऐपत असेल आणि डॉक्टर जाणकार असतील, तर तिच्या रक्ताची जनुकीय तपासणी होते. दोष सापडला तर त्याप्रमाणे तिची शस्त्रक्रिया आणि औषधे ठरतात. यंत्रणेचे काम इथे संपते. पण तिला दोन बहिणी आहेत, भाऊ आहे, कॉलेजात जाणारी मुलगी आहे. तोच दोष त्यांच्यापैकी प्रत्येकात असण्याची शक्यता निम्मी आहे. त्यांना कुणी बोलावत नाही.

हे पत्र त्यांच्याबद्दल आहे. मागणी सरळ आहे. रुग्णात आनुवंशिक दोष सापडला, की तिच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसांचे समुपदेशन आणि तपासणी सरकारने आपल्या खर्चाने करावी. आणि त्या तपासणीचा अहवाल त्यांच्याविरुद्ध वापरला जाणार नाही, असा कायदा संसदेने करावा.

या शास्त्राचा पायाच कुटुंबांच्या वंशावळींवर उभा आहे. पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये आपल्या पत्नीच्या माहेरच्या पिढ्यांमधल्या स्तनाच्या कॅन्सरची नोंद प्रसिद्ध केली. १८९५ मध्ये अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठातले विकृतिशास्त्रज्ञ ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले, की आपल्या घरातली माणसे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात आणि आपणही तशाच जाणार. वॉर्थिन यांनी ते बोलणे गंभीरपणे घेतले, तिच्या कुटुंबाची पाळेमुळे शोधली आणि १९१३ मध्ये 'जी' कुटुंब या नावाने ती माहिती छापली. ती शिवणकाम करणारी बाई गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. पुढची कित्येक दशके ही नोंद कुणी फारशी मनावर घेतली नाही.

१९६० च्या दशकात नेब्रास्कातल्या ओमाहा इथे हेन्री लिंच या डॉक्टरांना अशीच कुटुंबे भेटू लागली. कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या उतरू शकतो, हे मानायला वैद्यकीय जगत तेव्हा तयार नव्हते. लिंच यांना संशोधनासाठी अनुदान नाकारले गेले. तरी ते घरोघरच्या वंशावळी जमवत राहिले. १९९३-९४ मध्ये या कुटुंबांतल्या कॅन्सरमागची एमएसएच २ आणि एमएलएच १ ही जनुके सापडली, आणि पुढे वॉर्थिन यांच्या त्या 'जी' कुटुंबाच्या वंशजांमध्ये एमएसएच २ मधला दोष प्रत्यक्ष दिसला. आज त्या विकाराला 'लिंच सिंड्रोम' म्हणतात. शिवणकाम करणाऱ्या बाईने आपल्या घराबद्दल जे सांगितले होते, ते प्रयोगशाळेत सिद्ध व्हायला शंभरावर वर्षे लागली.

स्तनाच्या कॅन्सरच्या बाबतीत हेच काम मेरी-क्लेअर किंग यांनी केले. १९७४ पासून त्या एकाच प्रश्नामागे होत्या. इतक्या गुंतागुंतीच्या रोगामागे एखादेच जनुक असेल, या कल्पनेवर बहुतेकांचा विश्वास नव्हता. १९९० मध्ये त्यांनी २३ कुटुंबांतल्या १४६ रुग्णांच्या अभ्यासावरून दाखवून दिले, की तरुण वयात होणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरशी निगडित एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले : बीआरसीए १. पुढच्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावरचे बीआरसीए २ ब्रिटनमध्ये मायकेल स्ट्रॅटन यांच्या गटाने ओळखले.

या दोन जनुकांचे काम मुळात रक्षणाचे आहे. पेशीतला डीएनए सतत तुटत असतो, आणि त्याचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले, की मूळ वीण न बिघडवता रफू करणाऱ्या यंत्रणेत या जनुकांची प्रथिने लागतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत जन्मतः सदोष असली तरी दुसरी काम चालवते. पण आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली, तर चुका साचत जातात आणि त्या पेशीचा कॅन्सर होऊ शकतो. हा 'दोन आघातांचा' सिद्धान्त आल्फ्रेड नुड्सन यांनी १९७१ मध्ये मांडला तो लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरवरून. आनुवंशिक दोष असलेल्या मुलांमध्ये हा कॅन्सर लवकर का होतो आणि अनेकदा दोन्ही डोळ्यांत का होतो, याचा उलगडा त्यातून झाला.

वारशाने कॅन्सर येत नाही, येतो तो धोका. तो किती मोठा असतो, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे दहा हजार स्त्रियांच्या पाहणीत दिसले. बीआरसीए १ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७२ टक्के स्त्रियांना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा आणि ४४ टक्के स्त्रियांना अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता आढळली. बीआरसीए २ साठी हे आकडे ६९ आणि १७ टक्के होते. अभ्यासातल्या स्त्रिया मुख्यतः पाश्चात्त्य देशांतल्या होत्या, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लागू करता येत नाहीत. पण धोका कोणत्या आकाराचा आहे, ते त्यातून कळते.

एकूण कॅन्सरपैकी अशा जोरकस आनुवंशिक दोषातून होणारे कॅन्सर ५ ते १० टक्के मानले जातात. प्रमाण लहान वाटते. भारतात २०२२ मध्ये कॅन्सरचे नवे रुग्ण १४ लाखांच्या आसपास होते, त्यांपैकी स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार. त्या हिशेबाने दरवर्षी सत्तर हजारांपासून एक लाख चाळीस हजारांपर्यंत रुग्ण असे असू शकतात, ज्यांच्यामागे धोक्यातले एक अख्खे कुटुंब उभे आहे.

आणि या कुटुंबांसाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. बीआरसीए दोष असलेल्या स्त्रीची पंचविशीपासून दरवर्षी स्तनांची एमआरआय तपासणी केली, तर गाठ लहान असतानाच सापडू शकते. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मात्र भरवशाची चाळणी चाचणी नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला : रक्तचाचणी आणि सोनोग्राफीने रोग आधी सापडला तरी मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून मुले झाल्यावर अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो, बीआरसीए १ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान, बीआरसीए २ असेल तर थोडा उशिरा. शस्त्रक्रिया मोठी आहे, पाळी बंद होते, निर्णय सोपा नसतो. पण ती वेळेत झाली तर अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका खूपच खाली येतो. लिंच सिंड्रोम असलेल्या माणसाची नियमित कोलोनोस्कोपी केली, तर आतड्यातल्या गाठी कॅन्सर होण्याआधीच काढता येतात. न्यूकॅसलचे जॉन बर्न यांच्या प्रयोगात दोन वर्षे किंवा अधिक काळ रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या अशा लोकांत आतड्याचा कॅन्सर पुढे निम्म्याच्या आसपास कमी झाला. रेटिनोब्लास्टोमा झालेल्या मुलाच्या पाठच्या भावंडाचे डोळे जन्मापासून तपासले, तर दृष्टीही वाचते आणि जीवही.

यातले प्रत्येक पाऊल निरोगी माणसाने उचलायचे आहे. त्यासाठी धोका आपल्यापर्यंत आला आहे, हे आधी त्याला कळायला हवे. अभिनेत्री अँजेलिना जोली हिने मे २०१३ मध्ये एका लेखात आपली प्रतिबंधक शस्त्रक्रिया जाहीर केली, तेव्हा ती रुग्ण नव्हती. अंडाशयाच्या कॅन्सरने ५६ व्या वर्षी गेली होती ती तिची आई. तो लेख आल्यावर ब्रिटनमधल्या आनुवंशिक कॅन्सरच्या क्लिनिकांकडे येणाऱ्या स्त्रियांची संख्या काही महिन्यांत दुपटीहून अधिक झाली. माहिती मिळाली की लोक येतात, हे त्यातून दिसले.

भारतात ही माहिती पोहोचवण्याच्या वाटेत पहिला अडसर आहे तो वंशावळीच्या अर्ध्या भागाचा. 'आईकडे कुणाला होता का' एवढेच विचारले जाते. बीआरसीएचा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. आत्या, वडिलांची आई, चुलत बहीण यांचा इतिहास तितकाच मोलाचा आहे. शिवाय तो दोष बाळगणाऱ्या पुरुषालाही प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा आणि क्वचित स्तनाचाही कॅन्सर होऊ शकतो. मुलगा निरोगी दिसतो, त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि दोष त्याच्या मुलीपर्यंत पोहोचतो. आपल्याकडे सासरी गेलेल्या बहिणींचे आजार माहेरच्या बोलण्यात येत नाहीत, बायकांच्या आजाराबद्दल पुरुषांसमोर बोलले जात नाही. मग नातीला आपल्या आजीचा आजार ठाऊक असणार तरी कसा?

दुसरा अडसर संशोधनाचा. भारतीय अभ्यास थोडे आहेत, पण जे आहेत ते डोळे उघडणारे आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरच्या १,०१० भारतीय रुग्णांच्या जनुकांची तपासणी केली गेली. ३०४ जणांत, म्हणजे ३० टक्के रुग्णांत, आनुवंशिक दोष सापडला, आणि त्यांतले बहुतांश बीआरसीए १ व २ चे होते. हे रुग्ण धोका अधिक वाटल्यामुळे तपासणीला पाठवलेले होते, त्यामुळे हे प्रमाण सर्व रुग्णांचे नव्हे. पण २०२१ मधल्या, अनेक भारतीय केंद्रांतल्या अंडाशयाच्या कॅन्सरच्या अभ्यासातही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत बीआरसीएचा दोष आढळला. मध्य व पूर्व युरोपातून पसरलेल्या अश्केनाझी ज्यूंमधला म्हणून ओळखला जाणारा बीआरसीए १ चा एक दोष भारतातल्या ज्यू नसलेल्या कुटुंबांतही सापडला आहे. हा रोग पाश्चात्त्यांचा, असे म्हणून बाजूला बसण्याची सोय आता उरलेली नाही.

तरीही अनेक अहवालांत एक वाक्य येते : बदल आढळला, त्याचा अर्थ अनिश्चित. हा बदल घातक आहे की भारतीय लोकांत सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदल आहे, हे ठरवायला पुरेशा भारतीयांची जनुकीय माहिती लागते. जगातल्या माहितीसाठ्यांत भरणा युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या 'जिनोम इंडिया' प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन केले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरीदाबादच्या माहिती केंद्रामार्फत संशोधकांसाठी खुली झाली. मोठे काम झाले. आता त्याच्या जोडीला कॅन्सरच्या कुटुंबांची, पिढ्यांच्या नोंदींसह, देशव्यापी सूची हवी. निरोगी लोकांचे जनुकसंच आणि रुग्णांची कुटुंबे शेजारी ठेवली, तरच त्या अनिश्चित बदलांचा उलगडा होईल.

तिसरा अडसर पैशाचा, आणि तो आपल्या हाती आहे. अमेरिकेत 'मिरियड जेनेटिक्स' या कंपनीने बीआरसीए जनुकांवर पेटंट घेतले होते, तेव्हा तिथे ही चाचणी तीन हजार डॉलरांच्या वर जात असे. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की निसर्गात आढळणाऱ्या डीएनएचे पेटंट घेता येणार नाही. स्पर्धा आली, किंमत उतरली. भारतातही ही चाचणी आता हजारांत होते. रुग्णात नेमका कोणता दोष आहे, हे एकदा कळले, की नातेवाइकांची चाचणी आणखी स्वस्त पडते, कारण एवढी एकच जागा तपासायची असते. तरी एका शेतमजूर घरातल्या तीन बहिणींना तो खर्च झेपणारा नाही. आयुष्मान भारत योजनेची रचना रुग्णालयातल्या उपचारांभोवती आहे. बहीण आजारी नाही, म्हणून ती त्या चौकटीत बसत नाही. ती आजारी पडली, की मात्र शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन या साऱ्यांचा खर्च सरकार उचलेल. तिला आजारी पडण्याआधी गाठणे सरकारला परवडणारे आहे आणि तिच्या हक्काचेही आहे.

अन्य देशांनी ही वाट धरली आहे. इस्रायलने २०२० पासून अश्केनाझी स्त्रियांची बीआरसीए चाचणी सरकारी आरोग्यसेवेत घेतली. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०२४ मध्ये आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असेल, तरी मोफत चाचणीची सोय केली. आपल्याला कोणत्याही एका समाजापुरता कार्यक्रम नको. आपल्याकडे दार उघडायचे ते रुग्णापासून : जिच्यात दोष सापडला, तिची भावंडे आणि मुले.

चौथा अडसर भीतीचा. अहवाल बाहेर फुटला तर मुलीचे लग्न कसे जमणार, ही चिंता खरी आहे आणि तिला अज्ञान म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल. विमा कंपनी काय म्हणेल, नोकरीवर काय परिणाम होईल, हेही प्रश्न आहेत. अमेरिकेने २००८ मध्ये आरोग्य विमा आणि नोकरीतल्या जनुकीय भेदभावावर बंदी घालणारा कायदा केला. कॅनडाने २०१७ मध्ये आणखी व्यापक कायदा केला, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो वैध ठरवला. भारतात २६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हृदयविकाराच्या एका दाव्यात म्हटले, की 'जनुकीय विकार' अशा सरसकट शब्दांत विमा नाकारणे भेदभावाचे आहे. त्यानंतर विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांसाठी तसे परिपत्रक काढले. पण प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि संसदेने या विषयावर अजून कायदा केलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही जनुकीय माहितीसाठी वेगळा, अधिक कडक वर्ग नाही. परिपत्रकाच्या भरवशावर बाविशीतल्या मुलीने आपले रक्त का द्यावे, या प्रश्नाचे उत्तर सरकारला द्यावे लागेल.

म्हणून, महोदय, आपल्याकडे या पाच मागण्या :

एक. स्तन, अंडाशय, आतडे आणि स्वादुपिंड यांच्या कॅन्सरच्या निकषात बसणाऱ्या रुग्णांची, तसेच रेटिनोब्लास्टोमाच्या प्रत्येक मुलाची जनुकीय चाचणी आयुष्मान भारतमध्ये घ्यावी, आणि दोष सापडल्यास जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांची चाचणी त्याच मंजुरीचा भाग मानावी.

दोन. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने एकत्रित खरेदी करून औषधांच्या किमती मोठ्या प्रमाणात खाली आणल्या आहेत. जनुकीय चाचण्यांसाठी तीच पद्धत वापरावी.

तीन. चाचणीआधी आणि नंतर समुपदेशन सक्तीचे असावे, आणि ते मराठी, कन्नड, उडिया, संथाळी अशा त्या माणसाच्या भाषेत व्हावे. त्यासाठी परिचारिका आणि समाजसेवा अधीक्षकांना प्रशिक्षण देऊन पदे मंजूर करावीत. अहवाल नातेवाइकांना कळवायचा की नाही, हा निर्णय रुग्णाचाच राहावा. मात्र कसा कळवायचा, यासाठी तिला छापील पत्र आणि सोबत हवी.

चार. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो अर्ज भरतात, त्यात घरातल्या रक्तदाबाबद्दल, मधुमेहाबद्दल, हृदयविकाराबद्दल विचारले जाते. त्यात आई आणि वडील या दोन्ही बाजूंच्या कॅन्सरचा प्रश्न घालावा. उत्तरात पन्नाशीच्या आतला स्तनाचा किंवा कोणत्याही वयातला अंडाशयाचा कॅन्सर आला, तर त्या घराला पुढे पाठवावे.

पाच. विमा, नोकरी, शिक्षण आणि दत्तकविधान यांत जनुकीय अहवालाची मागणी किंवा वापर करण्यास बंदी घालणारा कायदा संसदेत मांडावा.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली, पहिल्या वर्षी दोनशे. केमोसाठी येणाऱ्या रुग्णाबरोबर बहुधा तिची बहीण, मुलगी किंवा भाऊ आलेला असतो. ज्यांना शोधायचे, ती माणसे केंद्राच्या बाकावरच बसलेली असतील. प्रत्येक केंद्रात वंशावळ लिहून घेणारा एक प्रशिक्षित माणूस आणि रक्ताचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवण्याची सोय, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. पुढच्या अर्थसंकल्पापूर्वी आपल्या मंत्रालयाने या दोन गोष्टींसाठीची तरतूद आणि कायद्याच्या मसुद्याची तारीख जाहीर करावी, अशी आग्रहाची विनंती आहे.



आपला नम्र,
एक नागरिक